कर वाढवा, खर्च कापा... एवढ्याने राज्याचा हिशेब जुळतो का?

राज्यावर नऊ लाख कोटींचं कर्ज झालं, तिजोरीत खडखडाट आहे, ही चर्चा आता बिरवाडीच्या बाजारात चहा पितानाही ऐकू येते. त्यावर उपायही लगेच सांगितला जातो. घर कसं चालतं? कमाई वाढवायची नाहीतर खर्च कमी करायचा. सरकारने तेच करावं, संपलं. ऐकायला हे अगदी सरळ वाटतं. पण आकडे मांडून बसलं की ते तेवढं सरळ राहत नाही. शिवथर खोऱ्यातल्या, महाड-पोलादपूरच्या माणसाला याच्याशी काय करायचंय, असंही कुणी म्हणेल. करायचंय. एसटीचं तिकीट, शाळेतला मास्तर, भाताचा विमा, आईच्या खात्यातले पंधराशे, हे सगळं याच हिशेबातून येतं किंवा याच हिशेबात कापलं जातं.

आधी आकडे बघू. १० मार्च २०२५ रोजी अर्थमंत्री अजित पवार यांनी २०२५-२६ चा अर्थसंकल्प मांडला. एकूण खर्च ७,००,०२० कोटी रुपये. महसुली जमा, म्हणजे कर, केंद्राकडून येणारा वाटा, अनुदानं वगैरे मिळून ५,६०,९६४ कोटी. महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी. दोन्हींतला फरक ४५,८९१ कोटी, ही महसुली तूट. आणि सगळा खर्च धरला तर जी रक्कम कर्ज काढून भरावी लागते ती, राजकोषीय तूट, १,३६,२३५ कोटींच्या घरात.

या दोन तुटींमधला फरक लोक विसरतात, आणि तिथेच चर्चा घसरते. आपल्या जमातीच्या वहीचं उदाहरण घ्या. जमातीने मदरशाची नवी खोली बांधायला कुणाकडून उसने पैसे घेतले, तर खोली उभी राहते, पन्नास वर्षं मुलं तिथे बसतात. पण इमामसाहेबांचा पगार आणि लाइटचं बिल भरायला दर महिन्याला उसने घ्यावे लागत असतील, तर जुम्म्याला कुणीतरी उठून विचारणारच की भाई, हे चाललंय काय? पहिल्या प्रकारची उसनवारी म्हणजे भांडवली खर्चासाठीचं कर्ज. दुसरी म्हणजे महसुली तूट. २०२५-२६ च्या अंदाजानुसार राज्य जे शंभर रुपये उसने घेणार होतं त्यातले जवळजवळ चौतीस रुपये रोजच्या खर्चात जाणार होते. चिंता करायची तर या चौतिसांची करा. उरलेल्या सहासष्टांत पूल, धरणं, रस्ते, इमारती आहेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि जून २०१७ मध्ये नवा पूल उभा राहिला. तो राष्ट्रीय महामार्गाचा, म्हणजे केंद्राच्या खात्यातला. पण अशा कामासाठी कर्ज काढलं म्हणून महाडचा कुठलाच माणूस तक्रार करणार नाही.

मार्च २०२६ ला राज्याचं एकूण कर्ज ९ लाख ३२ हजार कोटी होईल, असा अंदाज याच अर्थसंकल्पात होता. तेरा कोटी लोक धरले तर माणशी सुमारे ७२ हजार. आकडा ऐकून छातीत धडकी भरते. पण राज्याच्या वर्षाच्या एकूण उत्पन्नाशी तो ताडून बघितला तर १९ टक्क्यांच्या आत येतो, आणि देशातल्या बऱ्याच राज्यांपेक्षा ही स्थिती बरी आहे. म्हणून महाराष्ट्र बुडाला म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. सगळं छान चाललंय म्हणणाऱ्यांवर तर अजिबात नको. कर्जावरचं व्याजच २०२५-२६ मध्ये सुमारे ६५ हजार कोटी धरलं होतं, म्हणजे दिवसाला पावणेदोनशे कोटींच्या वर. व्याजाबद्दल आपल्याकडे काय शिकवलं जातं ते वाचकांना सांगायला नको. इथे एवढंच लक्षात घ्या की हा खर्च कुठल्याही मंत्र्याला कापता येत नाही.

आता कर वाढवायचे म्हणजे कुठले?

इथे बऱ्याच जणांचा समज असा की सरकारने ठरवलं की कर वाढला. पूर्वी ते बरंचसं खरं होतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि विक्रीकर, जकात, प्रवेशकर हे सगळं त्यात गेलं. जीएसटीचा दर मुंबईत ठरत नाही, जीएसटी परिषदेत सगळी राज्यं आणि केंद्र मिळून ठरवतात. पहिली पाच वर्षं केंद्राने नुकसानभरपाई दिली, ती जून २०२२ ला संपली. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर कमी झाले, बहुतेक वस्तू ५ आणि १८ टक्क्यांत आल्या. गिऱ्हाईक म्हणून आपल्याला बरं वाटलं. पण राज्याच्या सगळ्यात मोठ्या कराचा दर राज्याच्या एकट्याच्या हातात नाही, हे यातून दिसतं. आयकर तर केंद्राचाच. केंद्र जे कर वाटून देतं त्यातले ४१ टक्के सगळ्या राज्यांचे, आणि त्या वाट्यात पंधराव्या वित्त आयोगाने महाराष्ट्राला ६.३१७ टक्के ठरवून दिले. मुंबईतून एवढा कर जातो आणि परत एवढाच का येतो, हे भांडण जुनं आहे आणि मोठंही. त्यावर वेगळा लेख लागेल.

मग राज्याच्या हातात उरतं काय? दारूवरचं उत्पादन शुल्क, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, जमिनीच्या खरेदीवरचं मुद्रांक शुल्क, गाड्यांवरचा कर, वीज शुल्क आणि व्यवसाय कर.

व्यवसाय कर पगारदार माणसाला चांगला माहीत असतो. दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५००. हा आकडा वाढत का नाही, असं मला सहकारी विचारतात. कारण राज्यघटनेच्या २७६ व्या कलमातच ही मर्यादा लिहिलेली आहे, आणि ती १९८८ पासून तशीच आहे. तेव्हा २,५०० म्हणजे मोठी रक्कम होती, आज तेवढी नाही. वीस हजार कमावणारा आणि दोन लाख कमावणारा दोघंही तेवढंच भरतात. राज्य सरकारला वाटलं तरी यात बदल करता येत नाही, संसदेत घटनादुरुस्ती व्हावी लागेल.

या कराचा इतिहास मात्र मुद्दाम सांगण्यासारखा आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली, तिचा कायदा १९७७ चा. गावात हाताला काम देण्यासाठी पैसा कुठून आणायचा, तर शहरातल्या नोकरदार आणि व्यावसायिकांकडून, म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला गेला. पुढे साऱ्या देशात आलेल्या रोजगार हमी कायद्याचं मूळ इथे आहे. कर कशासाठी घेतोय हे स्पष्ट सांगितलं तर लोक देतात, याचा हा आपल्याच राज्यातला नमुना.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात वाढवलेले कर बघितले की मर्यादा कळते. खासगी सीएनजी-एलपीजी मोटारींवर एक टक्का जादा कर, त्यातून अपेक्षित १५० कोटी. साडेसात हजार किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांवर ७ टक्के एकरकमी कर, त्यातून ६२५ कोटी. आपल्याकडची किती पोरं कर्ज काढून पिकअप घेतात आणि भाजी, मासळी, आंबे वाहतात! त्यांच्यासाठी हे ६२५ कोटी मोठे. ४५,८९१ कोटींच्या तुटीपुढे ते दीड टक्कासुद्धा नाहीत.

मोठी रक्कम दिसली ती एकाच ठिकाणी, दारूत. १० जून २०२५ ला मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क निर्मिती खर्चाच्या तिप्पट होतं ते साडेचारपट केलं, देशीवरचंही वाढवलं. अपेक्षित जादा महसूल वर्षाला १४ हजार कोटी. आपल्या वाचकांना यात एक विचित्र गोष्ट दिसेल. ज्या वस्तूला हात लावणं आपल्याकडे हराम, तिच्याच पैशातून शाळा, दवाखाना आणि बहिणींचे हप्ते चालायचे. धर्म बाजूला ठेवून नुसता हिशेब केला तरी अडचण आहेच. कर फार वाढला की माणूस पिणं सोडतो असं नाही, तो स्वस्त किंवा चोरटी शोधतो. गोव्यात दारू स्वस्त, आणि मुंबई-गोवा महामार्ग पोलादपूर-महाडवरूनच जातो. गोवा बनावटीच्या दारूचे ट्रक पकडल्याच्या बातम्या कोकणाला नव्या नाहीत. आणि पिणाऱ्याने घरातलं किराणा कापून बाटलीचे वाढलेले पैसे दिले, तर तो कर शेवटी त्याच्या बायकोनेच भरला. महसूल खात्याच्या वहीत हे दिसत नाही.

खर्च कापायचा, पण कुठला?

पगार, पेन्शन आणि व्याज या तिन्हींतच महसुली जमेचा निम्म्याहून जास्त भाग जातो. मी स्वतः पगारदार आहे, त्यामुळे माझं म्हणणं एकतर्फी वाटू शकेल, तरी सांगतो. हे तीन खर्च लगेच कमी होत नाहीत. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन बंद केली, तरी आधीच्यांची चालू आहेच. आणि मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी कर्मचारी आठवडाभर संपावर गेले तेव्हा शाळा, दवाखाने, तहसील सगळं ओस पडलं होतं.

म्हणून कात्री चालते ती जिथे ओरडणारा कमी असतो तिथे. सगळ्यात मोठी कात्री आपण २०२० मध्ये पाहिली. टाळेबंदीत महसूल आटला, तेव्हा मार्चचा पगार टप्प्याटप्प्याने देण्याची वेळ आली, गट क च्या कर्मचाऱ्यांना आधी ७५ टक्के. मग ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने विकासकामांवरचा खर्च ३३ टक्क्यांवर आणला आणि आरोग्यासारखी खाती सोडून नवी भरती थांबवली. हिशेब जुळला का? नाही. त्या वर्षीही महसुली तूट राहिलीच. कारण सरकार खर्च थांबवतं तेव्हा कुणाचं तरी उत्पन्न थांबतं. ठेकेदार मजुराला कामावरून काढतो, मजूर दुकानातली उधारी वाढवतो, दुकानदार माल कमी भरतो, आणि त्या मालावरचा जीएसटीही येत नाही. घराच्या उदाहरणात हे बसत नाही. मी चहा-बिस्किटावर खर्च कमी केला म्हणून माझा पगार घटत नाही. सरकारचा मात्र घटतो, पूर्ण नाही, पण काही भाग नक्की.

दुसरी युक्ती म्हणजे खर्च दाखवायचा पण पैसे द्यायचे नाहीत. राज्यातल्या ठेकेदारांच्या संघटना थकीत बिलांचा आकडा ८९ हजार कोटींच्या आसपास सांगतात. तो त्यांचा दावा आहे, थोडा फुगवलेला धरला तरी रक्कम लहान राहत नाही. यात बचत काहीच नाही, हे कर्जच, फक्त बँकेऐवजी ठेकेदाराकडून घेतलेलं. अमेरिकेत बहुतेक राज्यांना वर्षाचा चालू खर्च जमेत बसवण्याचं कायद्याने बंधन आहे. तिथे कॅलिफोर्निया राज्याने जुलै २००९ मध्ये पैसे संपल्यावर लोकांना चक्क ‘नंतर देऊ’ अशा चिठ्ठ्या दिल्या होत्या. श्रीमंत राज्य, कडक नियम, आणि तरी ही गत. आपल्याकडेही २००५ चा वित्तीय जबाबदारीचा कायदा आहे, तूट तीन टक्क्यांच्या आत ठेवायचा दंडक आहे. कागदावर तो २०२५-२६ मध्ये पाळलाही गेला. थकीत बिलं त्या कागदावर येत नाहीत.

तिसरी कात्री आपल्या भागाला सगळ्यात जास्त लागते, ती छोट्या शाळांची. २०२३ मध्ये शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्ताव मागवले. उदाहरणं दिली पानशेत आणि तोरणमाळची. शहरातल्या माणसाला ते पटतं, दहा मुलांना दोन मास्तर कशाला? पण कुंभे शिवथर, आंबे शिवथरसारख्या गावांच्या वाड्या, मधले ओढे आणि इथला पाऊस बघितला की ‘तीन किलोमीटर’ या शब्दाचा अर्थ बदलतो. पोलादपूरच्या डोंगरातही तेच. उर्दू शाळांचं दुखणं आणखी वेगळं. एक मोठा भाग मुंबईला, एक आखातात, मग मागे उरलेल्या मुलांचा पट वीसवर कसा जाणार? मराठी वाडीशाळा आणि उर्दू शाळा इथे एकाच कात्रीत सापडतात, आणि त्यासाठी दोघांनी एकत्र बोलायला हवं असं मला वाटतं. शाळा बंद करून वाचणारी रक्कम राज्याच्या तुटीत शोधूनही सापडणार नाही. ओढ्यापलीकडे जायचं म्हणून घरी बसलेली मुलगी मात्र गावात दिसेल.

कापण्याचा चौथा प्रकार, एकाचं काढून दुसऱ्याला द्यायचं. मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी वळवले गेले. खुद्द त्या खात्याचे मंत्री नाराज झाले, एवढं ते उघड होतं. अल्पसंख्याकांच्या योजनांकडे यासाठीच लक्ष ठेवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मदरशातल्या डीएड शिक्षकांचं मानधन ६ हजारांवरून १६ हजार, बीएडचं ८ वरून १८ हजार, आणि मौलाना आझाद महामंडळाचं भागभांडवल ७०० वरून १,००० कोटी करण्याचा निर्णय झाला. निर्णय झाला म्हणजे पैसे पोचले असं नसतं.

पंधराशे रुपयांचा प्रश्न

आता जिच्याबद्दल सगळे बोलतात त्या योजनेकडे येऊ. लाडकी बहीणसाठी २०२५-२६ ची तरतूद ३६ हजार कोटी. बाईला वर्षाचे १८ हजार मिळतात, म्हणजे हे पैसे बरोबर दोन कोटी बायकांना पुरतात. योजना शिखरावर होती तेव्हा लाभार्थी जवळपास अडीच कोटी होत्या. गणित पाचवीच्या मुलाला सुटेल. एक तर नावं कमी होणार, नाहीतर जादा पैसे आणावे लागणार. नावं कमी होतायत. श्रीवर्धनच्या आमदार आणि खात्याच्या मंत्री आदिती तटकरे यांनी २६ लाखांवर नावं तपासणीत थांबवल्याचं सांगितलं, त्यात १४ हजारांहून जास्त पुरुष निघाले. पुढे २०२५ मध्ये ई-केवायसी सुरू झाली. खोट्या नावांना कात्री लागली तर कुणाची हरकत नाही. पण मोबाईलला रेंज नाही, ओटीपी येत नाही, म्हणून जिचं नाव गेलं ती बाईही सरकारच्या वहीत ‘बचत’ म्हणूनच नोंदली जाते. आपापल्या मोहल्ल्यातल्या, वाडीतल्या विधवा आणि म्हाताऱ्या बायकांची केवायसी झाली का, हे तरुण मुलांनी बघावं.

आणि निवडणुकीत कबूल केलेले २,१००? दोन कोटी बायका धरल्या तरी महिन्याला ६०० जादा म्हणजे वर्षाला आणखी १४ हजार ४०० कोटी. दारूवरच्या वाढीतून अपेक्षित सगळी रक्कम यातच संपते.

मग योजना बंद केली तर तूट जवळजवळ भरून निघेल, नाही का? कागदावर हो. पण हे पैसे बायका पेटीत ठेवत नाहीत. औषध, वह्या, तेल, भिशी, यातच ते जातात, म्हणजे बिरवाडी-महाडच्या बाजारात येतात. माझं मत विचाराल तर दोष पंधराशे देण्यात नाही. उत्पन्न कुठून येणार हे न ठरवता देण्यात आहे. १९७५ ला आधी कर ठरला आणि मग हमीचा कायदा आला. इथे आधी हप्ता आला, आणि कराचा शोध वर्षभराने दारूच्या दुकानात लागला.

एसटीचं तिकीट हे या सगळ्याचं छोटं रूप आहे. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, फरक सरकारने महामंडळाला द्यायचा. २५ जानेवारी २०२५ पासून सगळं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. महाडहून शिवथरघळीच्या गाडीत बसलेल्या बाईचं अर्धं तिकीटही त्याने वाढलं, आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याचं पूर्ण. भाताच्या विम्याचंही असंच. २०२३ ला एक रुपयात होता, २०२५ च्या खरिपापासून शेतकऱ्याला पुन्हा विमा रकमेच्या दोन टक्के भरावे लागतात. कर न वाढवता आणि कात्री न म्हणता झालेली ही कर आणि कात्री.

तर हिशेब कधी जुळलाच नाही का? जुळला. २००७-०८ मध्ये राज्याकडे महसुली शिल्लक होती, २०१८-१९ मध्येही. पहिल्या वेळी धंदा तेजीत होता, जमिनींचे व्यवहार जोरात होते आणि २००५ ला विक्रीकर जाऊन व्हॅट आल्याने करचोरी अवघड झाली होती. दुसऱ्या वेळी जीएसटीची भरपाई हाताशी होती. दोन्ही वेळा दर चढवून किंवा शाळा बंद करून शिल्लक पडलेली नाही. उत्पन्न वाढलं आणि वसुली सुधारली म्हणून पडली. कर आणि कात्री यांचा उपयोग नाही असं नाही. चुकीचा खर्च कापलाच पाहिजे, श्रीमंताने जास्त भरलंच पाहिजे. पण ४६ हजार कोटींची दरी एका वर्षात या दोनच हत्यारांनी भरायला गेलात, तर घाव बसतो तो शेवटच्या वाडीवर.

आणि ही दरी मार्चमध्ये सांगितली तेवढीच राहत नाही. ३० जून २०२५ ला विधिमंडळात ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. मग पूर आला, ७ ऑक्टोबरला शेतकऱ्यांसाठी ३१,६२८ कोटींची मदत जाहीर झाली, ती देणं भागच होतं. डिसेंबरात नागपूरला अधिवेशन झालं, तिथे पुन्हा पुरवणी मागण्या आल्या. त्या मराठीत छापल्या जातात, खातेनिहाय असतात. शालेय शिक्षण, अल्पसंख्याक विकास आणि ग्रामविकास, एवढी तीन खाती उघडून बघितली तरी त्या वर्षी कात्री कुठे चालली ते कळेल.